वार्षिक अधिवेशनाच्या कार्यक्रमाचे विकेंद्रीकरण : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान वैज्ञानिक संस्थांचे कार्यवाह, कार्यकारिणी सदस्य आणि विषय-विभागांचे निमंत्रक यांच्यासाठी आहे. उदाहरणांतले आकडे २५० ते ४०० प्रतिनिधी येणाऱ्या, तीन दिवसांच्या अधिवेशनाचे आहेत. तुमची संस्था याहून लहान असेल तर आधी शेवटून दुसरा प्रश्न वाचा.

विकेंद्रीकरण म्हणजे नेमके काय?

कोणत्या विषयांवर सत्रे घ्यायची, त्यांत कोणाला निमंत्रण द्यायचे आणि संशोधकांनी पाठवलेल्या निबंधांच्या सारांशांपैकी कोणते व्याख्यान होणार व कोणते पोस्टर, हे तीन निर्णय मध्यवर्ती समितीकडून विषय-विभागांकडे जाणे. एवढेच.

अधिवेशन दरवर्षी वेगळ्या गावी भरते म्हणजे विकेंद्रीकरण झाले, असा समज फार पसरलेला आहे. गाव बदलले तरी वक्त्यांची यादी त्याच पाच जणांच्या बैठकीत ठरत असेल, तर बदलतो तो फक्त मांडववाला. विभागांकडून ‘सूचना मागवणे’ हेही विकेंद्रीकरण नव्हे. कसोटी सोपी आहे: विभागाने ठरवलेले सत्र मध्यवर्ती समिती लेखी कारण न देता काढून टाकू शकते का? शकत असेल, तर तुम्ही काम वाटले आहे, अधिकार वाटलेला नाही. आणि अधिकाराविना आलेले काम दुसऱ्या वर्षी कोणी मनापासून करत नाही.

ही पद्धत इतरत्र चालते का?

जुनी आहे आणि चालते. १८३१ साली यॉर्कला पहिली सभा भरवणाऱ्या ब्रिटिश असोसिएशन या वैज्ञानिक संस्थेने सुरुवातीच्या काही वर्षांतच विषयवार विभाग पाडले. तोच साचा इंडियन सायन्स काँग्रेसने घेतला. १९१४ च्या जानेवारीत कोलकात्यात भरलेल्या तिच्या पहिल्या अधिवेशनाला १०५ वैज्ञानिक होते, ३५ निबंध होते आणि तेवढ्यासाठीही ६ विभाग केलेले होते. आज विभाग १४ आहेत आणि प्रत्येकाला स्वतःचा अध्यक्ष असतो.

सर्वांत मोकळी पद्धत युरोपियन जिओसायन्सेस युनियन या भूविज्ञानाच्या संस्थेची. व्हिएन्नात भरणाऱ्या तिच्या वार्षिक सभेचा कार्यक्रम २२ वैज्ञानिक विभागांच्या अध्यक्षांच्या हाती असतो. आधी कच्चा आराखडा सर्वांसमोर ठेवला जातो, कोणीही नवे सत्र सुचवू शकतो आणि सारांश आल्यावर व्याख्यान की पोस्टर हे त्या सत्राचे संयोजक ठरवतात. अमेरिकन फिजिकल सोसायटीची रीत निराळी. तिच्या मार्चमधील सभेत सदस्याला १० मिनिटे बोलायला आणि २ मिनिटे प्रश्नोत्तरांना मिळण्याची परंपरा आहे. तिथे निवडीपेक्षा वर्गवारीचे काम मोठे, आणि ते वेगवेगळ्या विभागांचे लोक एकत्र बसून करतात.

या दोन्हींतले काय उचलायचे हे तुमच्या सभागृहांच्या संख्येवर ठरेल. चार सभागृहांत ‘प्रत्येकाला १० मिनिटे’ बसत नाहीत.

मध्यभागी काय ठेवायचे?

वेळ, जागा, पैसा आणि कायदेशीर जबाबदारी. आशय विभागांकडे, घड्याळ केंद्राकडे. सभागृहांचे वाटप विभागांवर सोडले तर प्रत्येकाला पहिल्या दिवशी सकाळचे अकरा आणि मोठे सभागृहच हवे असते; तिसऱ्या दिवसाची दुपार कोणालाच नको असते.

बीजभाषणेही मध्यवर्तीच ठेवावीत, पण त्यासाठी प्रत्येक विभागाकडून दोन नावे मागवून त्यांतूनच निवड करावी. सारांशाचा नमुना, शब्दमर्यादा, शेवटच्या तारखा आणि हितसंबंधांचे नियम सगळ्या विभागांना एकच. यांत विभागवार सवलती दिल्या की ‘अमक्या विभागात उशिरा आलेलेही घेतात’ ही बातमी पसरायला एक दिवस पुरतो.

विभागांना सत्रांचा वाटा कसा द्यायचा?

भांडणे इथेच होतात, म्हणून थोडे सविस्तर.

आधी एकूण सत्रे मोजा. दिवसाला ९० मिनिटांचे चार टप्पे, तीन दिवसांचे १२. त्यांतला एक उद्घाटन आणि बीजभाषणाला, एक सर्वसाधारण सभेला. उरले १०. सभागृहे ४, म्हणजे ४० सत्रे. त्यांतली ५ आंतरशाखीय विषयांसाठी बाजूला काढा. विभागांना वाटायला ३५ राहिली. प्रत्येक सत्रात ३० मिनिटांचे एक निमंत्रित व्याख्यान आणि १५ मिनिटांची चार (१२ बोलायला, ३ प्रश्नांना).

समजा पाच विभागांकडे मिळून ३०० सारांश आले: अ १२०, ब ७५, क ६०, ड ३०, इ १५.

बहुतेक संस्था ‘लहान विभागांवर अन्याय नको’ म्हणून प्रत्येकाला आधी ३ सत्रे देतात आणि उरलेली २० प्रमाणात वाटतात. मग अ ला ११, ब ला ८, क ला ७, ड ला ५ आणि इ ला ४ सत्रे मिळतात. दिसायला ठीक. आता व्याख्याने मोजा. अ विभागात १२० पैकी ४४, म्हणजे ३७ टक्क्यांना बोलायला मिळते. ड मध्ये ३० पैकी २०, ६७ टक्के. आणि इ मध्ये जागा १६, सारांश १५! तिथे निवड होतच नाही, जो पाठवेल तो बोलणार. पुढच्या वर्षी अ विभागातले हुशार लोक शीर्षकात एक शब्द बदलून आपला सारांश इ कडे पाठवतात, आणि इ च्या समितीला आपला विभाग अचानक ‘लोकप्रिय’ झाल्याचा आनंद होतो.

किमान वाटा १ च ठेवा, ३० सत्रे प्रमाणात वाटा. अ १३, ब ८.५, क ७, ड ४, इ २.५. दोन अर्ध्या सत्रांपैकी पूर्ण सत्र कोणाला, हे ज्या विभागात बोलायला मिळण्याचे प्रमाण कमी आहे त्याच्या बाजूने ठरवा. इथे ब ला ९, इ ला २. आता व्याख्यान मिळण्याचे प्रमाण अ ४३, ब ४८, क ४७, ड ५३, इ ५३ टक्के. लहान विभागाला अजूनही थोडे झुकते माप आहे, आणि तेवढे असावे.

हे सूत्र सारांश मागवण्याआधी छापा. आकडे आल्यावर काढलेले सूत्र कितीही न्याय्य असले तरी त्यावर कोणी विश्वास ठेवत नाही.

वाटा सारांश आल्यावर ठरणार, मग निमंत्रित वक्त्यांना आधी कसे बोलवायचे?

मागील तीन वर्षांच्या सरासरीवर प्रत्येक विभागाचा अंदाजे वाटा काढा आणि त्याच्या दोन-तृतीयांश सत्रांपुरतीच निमंत्रणे आधी द्यायला परवानगी द्या. उरलेली अंतिम वाट्यानंतर. सगळी निमंत्रणे आधीच गेली आणि वाटा घटला, तर विभाग निमंत्रितांना हात लावत नाही, नवोदितांची व्याख्याने कापतो. हे दर वेळी घडते.

वेळापत्रक काय असावे?

अधिवेशनाच्या १० महिने आधी सत्रांचे प्रस्ताव मागवा, मुदत चार आठवडे. प्रस्ताव एका पानाचा: विषय, दोन संयोजक (वेगवेगळ्या संस्थांतले), संभाव्य निमंत्रित आणि ‘हा विषय याच वर्षी का’ याचे दोन ओळींत उत्तर. साडेआठ महिने आधी विभाग निवड आणि एकत्रीकरण करतात, आठ महिने आधी सत्रांची यादी जाहीर. सारांशांसाठी सात ते पाच महिन्यांदरम्यानचे आठ आठवडे. मुदत संपली त्याच आठवड्यात वाटा जाहीर. परीक्षणाला तीन आठवडे, मग विभागांच्या क्रमवार याद्या. साडेतीन महिने आधी मध्यवर्ती समिती दोन दिवस सलग बसून वेळा लावते. लेखकांना तीन महिने आधी कळलेच पाहिजे.

तीन महिन्यांचा आग्रह का? रेल्वेचे आरक्षण आता ६० दिवस आधी खुले होते. त्याआधी महाविद्यालयाकडून कर्तव्यरजा आणि प्रवासखर्चाची मंजुरी यायला महिना जातो. पत्र ५० दिवस आधी पाठवणारी संस्था नकळत फक्त जवळच्या आणि विमानाने येऊ शकणाऱ्या लोकांचे अधिवेशन भरवते.

मुदत वाढवायचीच असेल तर एकदाच, सात दिवस, आणि हे सात दिवस वेळापत्रकात आधीच धरलेले असू द्या. परीक्षणाचे आठवडे विद्यापीठाच्या पेपर-तपासणीवर किंवा दिवाळीवर येत नाहीत ना, तेही पाहा.

विभागाची समिती कशी असावी?

पाच जण, मुदत तीन वर्षे, दरवर्षी एक-दोघे निवृत्त होतील अशी रचना. एका संस्थेतला एकच. एक जागा पीएचडी करणाऱ्या किंवा नुकतीच केलेल्या व्यक्तीसाठी, मताधिकारासह. निमंत्रकासोबत उपनिमंत्रक पहिल्या दिवसापासून नेमा, आणि पुढचा निमंत्रक तोच होईल असा नियम ठेवा. सगळे एकदम बदलले की मागच्या वर्षीचे शहाणपण मागच्या निमंत्रकाच्या लॅपटॉपवर राहते.

निवड विभागाच्या सदस्यांकडून व्हावी. कार्यकारिणीने नेमलेली विभाग समिती म्हणजे मध्यवर्ती समितीच, फक्त लांबच्या गावी.

परीक्षक किती लागतात?

प्रत्येक सारांश तिघांनी पाहायचा तर ३०० सारांशांची ९०० परीक्षणे. एकाला १५ पेक्षा जास्त देऊ नका, म्हणजे ६० परीक्षक. एका सारांशाला १० मिनिटे धरली तर माणशी अडीच तास. एका बैठकीत होणारे काम आहे, म्हणून लोक हो म्हणतात. ४० दिलेत तर पहिले दहा नीट वाचले जातील आणि बाकीच्यांना सरसकट पाचपैकी ३ गुण मिळतील.

गुणांची सरासरी थेट काढू नका. एक परीक्षक सगळ्यांना ४ आणि ५ देतो, दुसरा ३ च्या वर जात नाही. आधी प्रत्येक परीक्षकाच्या गुणांमधून त्याची स्वतःची सरासरी वजा करा, मग सारांशाची सरासरी काढा. तिघांत मोठी तफावत असेल तर तो सारांश समितीने स्वतः वाचावा. पुष्कळदा तोच वेगळा आणि ऐकण्यासारखा असतो.

स्वतःच्या संस्थेतला, आपला विद्यार्थी किंवा मार्गदर्शक, तीन वर्षांतला सहलेखक यांचे सारांश परीक्षकाकडे जाता कामा नयेत. लहान विषयात सगळेच सगळ्यांचे सहलेखक निघतात. तिथे शेजारच्या विभागातला परीक्षक घ्या.

एकाच वेळी एकच माणूस दोन सभागृहांत, हे कसे टाळायचे?

विकेंद्रीकरणानंतर ही चूक हमखास वाढते, कारण पाचही विभागांना एकमेकांच्या याद्या दिसत नाहीत. उपाय साधा, पण शिस्तीचा. प्रत्येक व्यक्तीला नोंदणीच्या वेळीच एक क्रमांक द्या आणि सगळीकडे तोच वापरा. नावांवर विसंबू नका. ‘एस. पाटील’ तीन असू शकतात आणि एकच कुलकर्णी तीन वेगवेगळ्या स्पेलिंगांनी तीन विभागांत असू शकतात.

एकाच तक्त्यात तीन रकाने: व्यक्तिक्रमांक, भूमिका, टप्पा. क्रमांक आणि टप्पा ही जोडी दोनदा आली की टक्कर. सत्राध्यक्ष आणि पोस्टरचा सादरकर्ता हेही धरायचे. बहुतेक टकरी वक्त्यांच्या नसतात, सत्राध्यक्षांच्या असतात. वेळा लावताना ज्या सत्रांमधली माणसे सर्वाधिक ठिकाणी अडकली आहेत ती आधी बसवा, मोकळी सत्रे शेवटी. उलट क्रमाने गेलात तर बैठकीच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सगळे उकलून पुन्हा मांडावे लागते.

प्रथम लेखक म्हणून एका व्यक्तीचा एकच सारांश, हा नियम केला तर निम्मी डोकेदुखी आधीच संपते.

आंतरशाखीय विषय पोरके होतात, त्याचे काय?

होतात. अ म्हणतो हे ब चे, ब म्हणतो हे अ चे. बाजूला काढलेली ५ सत्रे त्यासाठीच. अट एक: दोन विभागांची लेखी संमती आणि दोघांचा एकेक संयोजक. ही सत्रे कोणाच्याही वाट्यातून वजा होऊ नयेत. वजा झाली तर विभाग आपल्या घरातलेच काम आधी उरकतो, आणि त्याला दोष देता येत नाही.

विभागाने मुदतीत यादीच दिली नाही तर?

मुदतीनंतर पाच दिवसांनी अधिकार आपोआप उपनिमंत्रकाकडे जातो, दहाव्या दिवशी मध्यवर्ती समितीकडे. ‘आपोआप’ हा शब्द नियमात हवा. नाहीतर ज्येष्ठ निमंत्रकाला आठवण कोणी करायची, यावर आठवडा जातो. त्या वर्षी विभागाचे व्याख्यानांचे प्रमाण तेच राहील, फक्त निवड केंद्र करील. लेखकांना निमंत्रकाच्या आळसाची शिक्षा नको.

दर्जा घसरणार नाही का?

दर्जा घसरतो तो निवडीच्या दारातून न जाता आलेल्या भाषणांमुळे. मुंबईत २०१५ साली भरलेल्या सायन्स काँग्रेसमध्ये प्राचीन विमानविद्येवरच्या व्याख्यानाने केवढा गदारोळ झाला, हे अनेकांना आठवत असेल. २०१९ मध्ये जालंधरला महाभारतकालीन टेस्ट ट्यूब बेबीच्या विधानांनी तेच झाले. १४ विभागांची रचना असूनही हे घडू शकले. म्हणून नियम असा करावा: व्यासपीठावर येणाऱ्या प्रत्येक वैज्ञानिक व्याख्यानाचा सारांश आधी यायला हवा आणि तो त्या विषयाच्या किमान दोघांनी वाचलेला हवा. बीजभाषण, बालविभाग, लोकविज्ञानाचे सत्र, प्रायोजकाचे भाषण, कोणालाही सूट नाही. मध्यवर्ती समितीने स्वतः बोलावलेल्या पाहुण्याला तर मुळीच नाही.

पैशाचे काय?

खाते एकच, पॅन एकच, पावतीपुस्तक एकच. विभागांनी वेगळी खाती उघडली की लेखापरीक्षणाच्या वेळी कोणाला तरी रात्री जागाव्या लागतात. विभागाला रुपये देण्याऐवजी गुण द्या: जवळचा वक्ता १ गुण, रेल्वेने येणारा २, विमानाने ४, परदेशातून १०. सत्रामागे ३ गुण. ते कसे खर्चायचे हे विभाग ठरवील, बिल खजिनदार भागवील.

परदेशी देणगी किंवा प्रायोजकत्वाला हात लावण्याआधी खजिनदाराला विचारा. परदेशी देणगी नियमन कायद्यातल्या २०२० च्या दुरुस्तीनंतर अशी देणगी नोंदणीकृत संस्थेला नवी दिल्लीतील स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या ठरावीक खात्यातच घ्यावी लागते. परदेशी वक्त्यांच्या परिषद-व्हिसासाठीची निमंत्रणपत्रे आणि सरकारी परवानग्याही संस्थेच्या नावाने, कार्यवाहाच्या सहीने. उत्साही निमंत्रकाने स्वतःच्या लेटरहेडवर पाठवलेले पत्र वक्त्याला दूतावासाच्या दारातून परत पाठवते.

घटनादुरुस्ती लागते का?

संस्थेच्या घटनेत ‘कार्यक्रम अध्यक्ष व कार्यवाह ठरवतील’ असे लिहिले असेल तर लागते, आणि ती तुमच्याच घटनेतल्या पद्धतीने. नसेल तर कार्यकारिणीचा ठराव आणि पोटनियम पुरतात. १८६० च्या सोसायटी नोंदणी कायद्यातल्या कलम १२ ची धास्ती अनेकांना असते. तीन-पंचमांश मते आणि महिन्याच्या अंतराने दोन सभा ही त्याची पद्धत संस्थेचे उद्देश बदलण्यासाठी आहे. सत्रे कोण ठरवतो याने उद्देश बदलत नाही.

स्थानिक संयोजन समितीला यात काय स्थान?

निवास, जेवण, सभागृहे, स्वयंसेवक, ध्वनियंत्रणा. कार्यक्रमात एक स्थानिक सत्र हक्काने द्या: त्या परिसरातली नदी, पीक, खाण, आजार, काहीही. बदल्यात ‘आमच्या कुलगुरूंचे आणखी एक भाषण’ यांना नम्र नकार द्यायचे काम मध्यवर्ती समितीने करावे. स्थानिक कार्यवाहाला ते शक्य नसते, त्याला उद्या त्याच इमारतीत कामाला जायचे असते.

कोणते सॉफ्टवेअर?

सर्न या युरोपीय कणभौतिकी प्रयोगशाळेत विकसित झालेले इंडिको मुक्तस्रोत आहे आणि त्यात विभागवार परीक्षक व संयोजक नेमता येतात. ईझीचेअर आणि मायक्रोसॉफ्ट सीएमटीही चालतात. १५० सारांशांपर्यंत सामायिक स्प्रेडशीट पुरते. मराठीत सारांश घेत असाल तर फक्त युनिकोड, असे ठळक लिहा. जुन्या फाँटमध्ये टंकलेली फाइल दुसऱ्या संगणकावर खिचडी होऊन उघडते, आणि ते सारांश-पुस्तिका छापून आल्यावर कळते.

आमची संस्था लहान आहे, शंभर-सव्वाशे सारांश येतात. हे सगळे करायचे?

नाही. पाच विभाग पाडू नका, तीन विषयगट करा, प्रत्येकी तिघांची समिती. कोटा काढू नका. सत्र-प्रस्ताव खुले करा आणि निमंत्रितांची निवड संयोजकांवर सोडा. मोठ्या संस्थेनेही पहिल्या वर्षी एवढेच करावे, परीक्षण दुसऱ्या वर्षी द्यावे आणि वाट्याचे सूत्र तिसऱ्या वर्षी लावावे. तिन्ही एकदम सुरू केले तर काही बिघडल्यावर नेमके कशाने बिघडले ते कळत नाही, आणि पुढच्या सर्वसाधारण सभेत ‘जुनेच बरे होते’ हा ठराव येतो.

ऐनवेळी वक्ता आला नाही तर पुढची व्याख्याने आधी घ्यावीत का?

नाही. समांतर सत्रांत लोक एका सभागृहातून दुसऱ्यात छापील वेळ पाहून जातात. १२.१५ चे व्याख्यान १२ वाजता झाले, तर ते ऐकायला धावत आलेल्याला दारात टाळ्या ऐकू येतात. मोकळी १५ मिनिटे सत्राध्यक्षाने आधीच्या व्याख्यानांवरच्या प्रश्नांना द्यावीत. प्रत्येक विभागाने पोस्टरवाल्यांपैकी दोघांना ‘राखीव वक्ता’ म्हणून आधी सांगून ठेवावे, आणि त्यांच्या स्लाइड त्या सभागृहाच्या संगणकावर आदल्या रात्रीच चढवलेल्या असाव्यात.